आर्मीचं हेवी लायसन्स आहे पण सिव्हिलचं एकपण नाही, पेन्शनवर आल्यावर काय करायचं?

खटावचा_डीएमटी

नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यातला, गाव वडूजजवळ. आर्मीत एएससीला, म्हणजे रसद आणि वाहतूक बघणाऱ्या कोअरला, डीएमटी आहे म्हणजे ड्रायव्हर, १७ वर्षं झाली, अजून चार महिन्यांनी पेन्शनवर घरी येणार. सध्या दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलोय.

तर प्रॉब्लेम असा की माझ्याकडं सिव्हिलचं लायसन्स नाही. एकपण नाही, स्कूटरचंसुद्धा नाही. हसू नका. भरतीच्या आधी लर्निंग काढलं होतं साताऱ्याला जाऊन, पण तेवढ्यात भरतीत नाव लागलं, ट्रेनिंगला गेलो आणि ते सहा महिन्यांत संपून गेलं. नंतर बंगळुरूला ड्रायव्हिंगचं ट्रेनिंग झालं, आर्मीचं लायसन्स मिळालं, आणि मग गरजच पडली नाही. ढाई टनाची गाडी चालवली, स्टॅलियन ट्रक चालवला, जोजिलातनं चेन लावून कॉन्व्हॉय काढलाय, लेहला थंडीत सकाळी गाडी स्टार्ट करायला तास जायचा तेपण केलंय. सुट्टीवर आलो की अण्णांची स्प्लेंडर घ्यायची आणि फिरायचं, कोण विचारतंय.

परवा विचारलं. अण्णांची बीपीची गोळी आणायला चाललो होतो, पाठीमागं माझी पोरगी, आठवीत आहे. नाक्यावर अडवलं. मी आपलं ऐटीत आर्मीचं लायसन्स काढून दिलं तर हवालदार म्हणतात हे इथं चालत नाही. मी म्हणलं साहेब यावर मी दहा टनाची गाडी चालवतो आणि शंभर सीसीची चालत नाही काय. ते म्हणले नाही चालत, नियम आहे, फौजी म्हणून सोडतो पण गाडी ढकलत न्या. आता ढकलत कुठं नेणार, पुढं वळणावर जाऊन परत स्टार्ट केली. पण पोरगी सगळं ऐकत होती. घरी येऊन आईला सांगितलं, पप्पांना गाडी चालवायचं लायसन्स नाही. दोन दिवस घरात तोच विषय.

तर विचारायचं असं की खरंच चालत नाही का, का त्यांनी उगाच ताणलं. दुसरं म्हणजे आता मला सगळं पहिल्यापासनं करावं लागणार का, लर्निंग, मग टेस्ट, मग वर्षभर थांबून हेवी? कारण आल्यावर एकतर एसटीला ट्राय करायचंय नाहीतर मेव्हण्याबरोबर पिकअप घ्यायचा विचार आहे, भाजी पुण्याला टाकायची. चार महिन्यांत काय काय उरकता येईल ते सांगा. एजंटला एकानं विचारलं तर तो एवढी रक्कम म्हणला की तेवढ्यात शेळी येती.

माणदेशी_वाघ

भावा कोण अडवतंय तुला. आर्मीचं लायसन्स भारत सरकारचं असतं, पूर्ण देशात चालतं, त्याच्यावर लिहिलेलं असतं बघ. त्या हवालदाराला माहिती नसंल. पुढच्या वेळी सरळ व्हिडिओ काढ आणि टाक. देशाची सेवा करणाऱ्या माणसाला गाडी ढकलायला लावतात, लाज वाटली पाहिजे.

सुभेदार_कोरेगावकर

वाघ साहेब, राग समजू शकतो पण माहिती अर्धी आहे. व्हिडिओ काढला असता तर उलट फौजीच गोत्यात आला असता.

मी स्वतः २८ वर्षं नोकरी करून २०१६ ला आलो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८ वाचा. त्यात सरळ लिहिलंय की संरक्षण कामासाठीच्या केंद्र सरकारच्या गाड्या चालवायला वेगळं लायसन्स देता येतं, ते देशभर चालतं, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण त्याच कलमात तिसरा मुद्दा आहे की या लायसन्सवर त्या गाड्या सोडून दुसरी कुठलीही गाडी चालवता येणार नाही. कुठलीही. म्हणजे ज्या गाडीच्या नंबर प्लेटवर वर टोक असलेला बाण आहे तीच. वडिलांची स्प्लेंडर त्यात बसत नाही. हवालदारांनी कायद्याप्रमाणं सांगितलं आणि वर सोडूनही दिलं. विनालायसन्स गाडी चालवल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५००० रुपये आहे, त्या हिशोबानं तुम्ही स्वस्तात सुटलात.

आता चांगली बातमी. कलम ९, पोटकलम ३. त्यात टेस्टमधनं सूट कोणाला आहे त्याची यादी आहे. ज्याच्याकडं कलम १८ चं लायसन्स आहे किंवा पूर्वी होतं त्याला त्याच वर्गाच्या गाडीसाठी परत टेस्ट द्यायची गरज नाही. हे शंभरातल्या नव्वद फौजींना माहीत नसतं, मलापण नव्हतं.

माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. डिस्चार्जच्या वेळी युनिटमध्ये यादी करून सगळं जमा केलं, किट, कार्ड, लायसन्स, सगळ्यावर सह्या घेतल्या आणि मोकळ्या हातानं गाडीत बसलो. झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. घरी येऊन तीन महिन्यांनी आरटीओत गेलो आणि सांगितलं की मी आर्मीत ड्रायव्हर होतो, तर समोरचा म्हणला पुरावा दाखवा. पुरावा काय दाखवणार, मिशी? शेवटी लर्निंगपासनं सगळं केलं. माझ्यासमोर टेस्ट द्यायला उभी असलेली पोरं माझ्या नातवाएवढी.

म्हणून युनिटमध्ये परत गेल्यावर पहिलं काम हे करा. लायसन्सची अटेस्टेड कॉपी आणि ऑफिसरच्या सहीचं शिक्क्याचं पत्र घ्या, त्यात कुठल्या कुठल्या वर्गाची गाडी, कधीपासनं कधीपर्यंत चालवली हे स्पष्ट पाहिजे. कायद्यात पूर्वी होतं असापण शब्द आहे, म्हणजे जमा केलं तरी हक्क जात नाही, पण कागद लागतो. आणि जमलं तर पेन्शनची वाट बघू नका, आत्ता सुट्टीतच अर्ज करा, लायसन्स हातात आहे तोपर्यंत.

माणदेशी_वाघ

बरं बरं सुभेदार साहेब, चुकलं. कलम वाचलं नव्हतं. पण नियमच येडा आहे हे मात्र माझं म्हणणं कायम.

कराडची_स्टिअरिंगवाली

मी कराडला ड्रायव्हिंग स्कूल चालवते, ११ वर्षं झाली, आधी मिस्टर बघायचे आता मीच बघते. फौजी दादांसाठी जरा सविस्तर लिहिते कारण आमच्याकडं असे महिन्याला दोन तीन तरी येतात, सातारा जिल्हा आहे शेवटी, एका आपशिंग्यातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले त्याचा फलक गावात आहे, तर अशा जिल्ह्यात आरटीओच्या खिडकीवर फौजी नाही दिसणार तर कोण दिसणार.

सुभेदार काकांनी सांगितलं ते बरोबर, पण एक शब्द परत वाचा, त्याच वर्गाची गाडी. दादा, तुमच्या आर्मी लायसन्सवर कुठले वर्ग आहेत? कार जीप आणि हेवी असेल तर त्या दोन्हीला सूट मिळेल. पण मोटरसायकल त्यावर आहे का? बऱ्याच जणांच्या नसते. डिस्पॅच रायडरचं, म्हणजे मोटरसायकलवरनं टपाल पोचवायचं काम केलेलं असेल तर असते. नसेल तर स्प्लेंडरसाठी तुम्हाला सगळ्यांसारखं लर्निंग काढायचं, ३० दिवस थांबायचं आणि टेस्ट द्यायची. म्हणजे स्टॅलियनला टेस्ट नाही आणि स्प्लेंडरला आठ मारायचा, आठच्या आकड्यासारख्या रेषेवर पाय न टेकता गाडी फिरवायची. हसायला येतं पण असंच आहे.

लर्निंग आता आधार असेल तर घरबसल्या होतं, सरकारच्या सारथी साईटवर, १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. साइन बोर्ड तुम्हाला येतच असतील पण तरी एकदा बघून बसा, हुशार माणसं पार्किंगच्या प्रश्नाला चुकतात. ते सहा महिने चालतं. आजच काढलं तर सुट्टी संपायच्या आत पक्कं पण होईल, दोन महिने आहेत ना तुमच्याकडं, त्यातले किती गेले ते मात्र लिहिलं नाही तुम्ही.

कार आणि हेवीसाठी अर्ज करताना तुमच्याकडं डिफेन्सचं लायसन्स आहे हे तिथंच सांगायचं, नंतर खिडकीवर जाऊन सांगितलं तर अर्ज परत करायला लावतात. सोबत आर्मी लायसन्स, युनिटचं पत्र, आधार, आणि डॉक्टरांचा फॉर्म १ अ. हा मेडिकल फॉर्म चाळीशीच्या पुढच्यांना लागतो आणि ट्रान्सपोर्टचं काढायचं असेल तर वय कितीही असो लागतोच. एमबीबीएस डॉक्टरची सही पाहिजे, आमच्या इथं एकजण होमिओपॅथीवाल्याची घेऊन आला होता, परत पाठवला.

आणखी एक, हेवीसाठी म्हणजे ट्रान्सपोर्ट वर्गासाठी ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट मागतात, फॉर्म ५. ते कुठल्यापण मान्यताप्राप्त स्कूलचं चालतं. मागच्या वर्षी एक हवालदार आले होते माझ्याकडं, सियाचीन बेसकॅम्पला गाडी चालवून आलेले, म्हणले मॅडम शिकवा. मी म्हणलं साहेब तुम्हाला काय शिकवणार आम्ही. तरी नियम म्हणून ट्रकवर बसवलं, मलकापूरला हायवेच्या सर्व्हिस रोडवर. आणि खरं सांगते, रिव्हर्स घेताना त्यांनी आमच्या पोरांपेक्षा सावकाश आणि सरळ घेतली, पण इंडिकेटर एकदापण दिला नाही. कॉन्व्हॉयमध्ये पुढचा जातो तसं मागचा जातो, सवय असते. सिव्हिल रस्त्यावर ती सवय मोडायला लागते एवढंच.

आता पिकअपचं. त्यासाठी हेवी लागतच नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं होतं की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी साध्या एलएमव्हीवर म्हणजे कारच्या लायसन्सवर चालवता येते, ते मोठ्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला परत पक्कं केलं. बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, सगळे त्यात येतात. वजन म्हणजे गाडी अधिक माल मिळून हं, नुसती गाडी नाही. तेव्हा भाजीच्या धंद्यासाठी कारचं लायसन्स झालं की तुम्ही मोकळे. एसटीला मात्र हेवी पॅसेंजर आणि बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायची आरटीओची परवानगी, दोन्ही बघतात.

तासगावची_सून

ताई मध्येच विचारते, माफ करा, पण विषय तोच आहे. आमचे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, सध्या सिक्कीमला. त्यांचं सिव्हिलचं लायसन्स आहे, सांगलीचं, एमएच १०, २००५ ला काढलेलं. तेव्हा वीस वर्षांचं मिळायचं. ते मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास संपलं आणि आम्हाला पत्ताच नाही, मी परवा गाडीच्या इन्शुरन्सचे कागद शोधताना हातात आलं तेव्हा तारीख बघितली. आता त्यांना सुट्टी मिळणार जूनमध्ये. काय परत टेस्ट द्यावी लागेल का. आणि ते तिकडनं काही करू शकतात का, का मी इथनं त्यांच्या नावानं करू. ते म्हणतात बघू आल्यावर, तुमच्या सगळ्यांचं आल्यावर आल्यावर असतं, आणि आल्यावर यात्रा, लग्न आणि विहिरीची मोटर.

कराडची_स्टिअरिंगवाली

वहिनी, मध्येच कसलं, बरं केलं विचारलं.

संपल्यापासनं एक वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट नाही. वर्ष उलटलं की परत टेस्ट, हे २०१९ च्या १ सप्टेंबरपासनं आहे, त्याआधी पाच वर्षांची मुभा होती, म्हणून जुनी माणसं अजून सांगतात पाच वर्षं काय होत नाही, त्यांचं ऐकू नका. दिवाळीला संपलं आणि जूनला आले तर वर्षाच्या आत बसतंय. पण जून चुकवायचा नाही. सुट्टी कॅन्सल झाली, पुढं ढकलली, असं फौजेत होतंच, तेव्हा पुढच्या दिवाळीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

उशिराचा दंड असतो, दर वर्षाला किंवा वर्षाच्या तुकड्याला हजार रुपये जादा. टोचतो पण टेस्टपेक्षा बरा.

आणि तिकडनं होतं का तर होतं. रिन्यूअल कुठल्याही लायसन्सिंग अथॉरिटीकडं करता येतं असं कायद्यातच आहे, सांगलीलाच आलं पाहिजे असं नाही. पण पत्ता तिकडचा दाखवायला लागतो, युनिटचा कागद लागतो, आणि मग लायसन्सवर तो पत्ता येतो, पुढच्या पोस्टिंगला परत तेच. म्हणून बहुतेक फौजी घरच्याच पत्त्यावर ठेवतात. मिस्टरांचं वय आता चाळीसच्या आसपास असणार ना, चाळीस पूर्ण झाले असतील तर डॉक्टरचा फॉर्म लागेल. तो भरून घ्यायला तिकडं आर्मीचे डॉक्टर आहेतच.

पुढच्यासाठी अजून एक, संपायच्या आधी एक वर्षापासनं रिन्यू करता येतं. फौजीला हे सगळ्यात सोयीचं, ज्या सुट्टीत तारीख वर्षावर आली त्याच सुट्टीत उरकून टाकायचं. शेवटच्या महिन्याची वाट कशाला बघायची.

तासगावची_सून

४१ पूर्ण. लगेच व्हिडिओ कॉल लावला त्यांना. म्हणाले एमआय रूममधल्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारतो. आणि म्हणाले कुणाला विचारलंस एवढं, मी म्हणलं कराडच्या एका ताईंना, तर गप्प. धन्यवाद ताई.

विश्रामबागचा_वकिलीवाला

सगळं बरोबर चाललंय, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी सांगलीत अपघाताच्या दाव्यांची कामं बघतो. लायसन्स नसणं हा ५००० रुपयाचा प्रश्न नाहीच मुळात. समजा फौजी भाऊ स्प्लेंडरवर चाललेत आणि म्हातारं माणूस आडवं आलं, लागलं, उद्या काहीही होऊ शकतं. समोरच्याला भरपाई इन्शुरन्स कंपनी देते, पण चालवणाऱ्याकडं वैध लायसन्स नसेल तर कोर्ट अनेक वेळा म्हणतं की कंपनीनं आधी द्यावेत आणि मग गाडीमालकाकडनं वसूल करावेत. गाडीमालक कोण, तुमचे अण्णा. म्हणजे बीपीच्या गोळीपायी अण्णांची जमीन. घाबरवत नाही, अशा फाइली टेबलावर बघितल्यात म्हणून सांगतो. आणि लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकावर वेगळं कलम आहे ते वेगळंच.

तेव्हा लर्निंग हातात येईपर्यंत गाडी घरात लावा. आणि लर्निंग आल्यावरसुद्धा पुढं मागं लाल एल लावा, फौजीला एल लावायची लाज वाटते माहितीय पण लावा.

आरटीओ_एक्सप्रेस

सर्व प्रकारचे लायसन्स, रिन्यूअल, हेवी, बॅज, टेस्ट न देता घरपोच. फौजींना खास सवलत. इनबॉक्स करा.

सुभेदार_कोरेगावकर

टेस्ट न देता म्हणजे कसं ते इथंच सगळ्यांसमोर लिहा की राव. ज्या फौजीला कायद्यानंच टेस्ट नाही त्याच्याकडनं टेस्ट टाळायचे पैसे घेता, हे भारी आहे.

दहिवडीचा_मामा

माझा भाचा साडेसतराचा झालाय, अग्निवीरची तयारी चाललीय, रोज पहाटे पळतो, कोल्हापूर एआरओमध्ये म्हणजे आर्मीच्या भरती कार्यालयात फॉर्म भरणार. त्याला आत्ताच लायसन्स काढून ठेवावं का? पोरगं म्हणतं काय उपयोग, तिकडं आर्मी शिकवतेच.

कराडची_स्टिअरिंगवाली

मामा, काढाच. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लर्निंगला बसवा, कारचं आणि मोटरसायकलचं एकत्रच. अठराच्या आत गिअरची गाडी नाही. अग्निवीर जीडीच्या (जनरल ड्युटी) जाहिरातीतच लिहिलेलं असतं की एलएमव्ही लायसन्स असलेल्याला ड्रायव्हरच्या जागांसाठी प्राधान्य. आणि दुसरं, तीस वर्षांच्या आत काढलेलं लायसन्स आता चाळीस वर्षं वय होईपर्यंत चालतं. चार वर्षांनी परत आला, कायम ठेवतात त्या पंचवीस टक्क्यांत नाही बसला, तरी खिशात चालू लायसन्स असेल. खटावच्या दादांसारखं सतरा वर्षांनी आठ मारायला नको.

खटावचा_डीएमटी

सगळ्यांचे आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण म्हणलं काम झाल्यावरच लिहू. आज सुट्टीचा शेवटचा आठवडा आहे, आता सांगतो काय काय झालं, जरा लांब होईल.

त्याच दिवशी रात्री लर्निंगचा फॉर्म भरला, पोरगीनं भरून दिला, तिनंच प्रश्न विचारून माझी परीक्षा घेतली आधी. १५ पैकी १३. चुकलेल्या दोनमध्ये एक पार्किंगचा होता, कराडच्या ताईंचं बरोबर निघालं. स्प्लेंडरला पुढं मागं एल लावला. गावात सगळे विचारायला लागले काय फौजी, शिकतोय काय. मी म्हणलं हो शिकतोय.

युनिटला फोन करून साहेबांशी बोललो, गाड्यांचं बघणारे एमटी जेसीओ साहेब भला माणूस आहे, म्हणले पत्र पाठवतो, पाच दिवसांत स्पीड पोस्टनं पत्र आलं, वर्ग, तारखा, सही शिक्का सगळं. वर्ग बघितले तर लाइट आणि हेवी. मोटरसायकल नाही. म्हणजे ताई म्हणल्या तसंच.

आरटीओला पहिल्या दिवशी खिडकीवर एक भाऊ म्हणले हेवीला आधी कारचं एक वर्ष जुनं लागतं, उद्या कार काढा, पुढच्या वर्षी या. सुभेदार साहेबांनी सांगितलेलं कलम मी मोबाईलवर काढूनच ठेवलं होतं, शांतपणे दाखवलं. ते म्हणले हे आम्हाला माहिती नाही, आत साहेबांना विचारा. आत गेलो. साहेबांनी वाचलं, लायसन्स उलटं सुलटं करून बघितलं, पत्र बघितलं, विचारलं कुठं होता पोस्टिंगला, सांगितलं. मग म्हणले आमच्याकडं असे कमी येतात, जे येतात ते एजंटकडनं येतात म्हणून आम्हालापण सवय नाही, आणि सही केली. कारचं आणि हेवीचं टेस्टशिवाय मंजूर. फॉर्म ५ कराडहनं आणला, ताईंच्याच स्कूलमधनं, त्यांनी मलापण सर्व्हिस रोडवर नेलं आणि हो, मीपण इंडिकेटर विसरलो. दोनदा.

आता स्प्लेंडर. तीस दिवस झाल्यावर टेस्टला गेलो. सकाळी लवकर गेलो तरी माझ्यापुढं चाळीसेक पोरं पोरी. आठ आखलेला होता चुन्यानं, मला वाटलं त्यापेक्षा लहान. माझा नंबर आला, बसलो, अर्धा आठ झाला आणि मधल्या वळणावर पाय टेकला. इन्स्पेक्टर म्हणले पाय लागला, सात दिवसांनी या. मी काय बोलणार. मागनं एक पोरगा म्हणला काका गाडी फर्स्टमध्येच ठेवायची आणि हाफ क्लच, सेकंडला गेला की जातो. बरोबर होतं त्याचं, मी सेकंडवर घेतली होती.

सात दिवस घरामागच्या खळ्यावर आठ मारला. पोरगीनं राख टाकून आखून दिला, आणि ती काठी घेऊन मध्ये उभी, पाय टेकला की मोठ्यानं ओरडायची फेल. अण्णा ओसरीवर बसून बघायचे. तिसऱ्या दिवसापासनं शेजारचेपण बघायला यायला लागले, चहा व्हायला लागला. काल परत गेलो, निघालो एकदाचा, पाय न टेकता. इन्स्पेक्टरांनी वर बघितलंपण नाही, नुसतं पुढचा म्हणले.

वकील साहेबांचं वाचल्यावर लर्निंग येईपर्यंत गाडीला हात लावला नाही, अण्णांची गोळी मेव्हण्यानं आणली, शपथ.

कराडची_स्टिअरिंगवाली

खळ्यावरचा राखेचा आठ, हे आवडलं. पोरीला माझ्याकडं पाठवा अठराची झाल्यावर, इन्स्ट्रक्टर म्हणून ठेवते.

कार्ड पोस्टानं येईल, तोपर्यंत डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्या, ते नाक्यावर चालतं, मूळ कार्डाइतकंच मानतात. आणि हेवीची तारीख वेगळी बघा, ट्रान्सपोर्टचं पाच वर्षांचंच असतं, कारचं आणि मोटरसायकलचं जास्त. दोन वेगळ्या तारखा असतात कार्डावर, लोक एकच बघतात.

खटावचा_डीएमटी

बघितलं ताई, दोन तारखा आहेत. डिजिलॉकरला पण उतरवलं. परवा गाडी आहे, कोरेगावहनं, परत युनिटला. शेवटची ट्रिप.

सुभेदार_कोरेगावकर

कोरेगाव स्टेशनला किती वाजता? मी तिथंच राहतो, चहाला या. आणि लायसन्सची झेरॉक्स घरी ठेवलीय ना.

खटावचा_डीएमटी

ठेवली साहेब. तीन ठेवल्यात. एक पोरगीच्या दप्तरात आहे, वर्गात दाखवायला घेऊन गेली होती.